अल्पज्ञात वेस्टर्न आणि संग्राहकाचा लोभ

कॅनॉट प्लेसमधले रीगल चित्रपटगृह २०१७ साली बंद झाले. ज्या पडद्यांवर इंग्रजी चित्रपट पाहिले ते पडदेच नाहीसे होऊ लागले, की रसिकाला स्वतःच्या कपाटाचा आधार शोधावा लागतो. मात्र वेस्टर्न चित्रपटांच्या संग्राहकाचे कपाट पाहावे, तर 'हाय नून' अथवा 'शेन' दाखवण्याची त्याला उत्सुकता नसते. ज्याचे नावही आपण ऐकलेले नसते, असा एखादा चित्रपट तो अभिमानाने पुढे करतो. हा केवळ दुर्मिळतेचा लोभ म्हणावयाचा काय?

काही अंशी तसे म्हणावेच लागेल. तथापि बड बेटिकर या दिग्दर्शकाचे उदाहरण निराळे आहे. १९५६ ते १९६० या काळात रँडॉल्फ स्कॉटला घेऊन त्याने सात वेस्टर्न काढले. बहुतेक सव्वा तासाच्या आसपासचे, बेताच्या खर्चाचे. त्यांतील पहिला, 'सेव्हन मेन फ्रॉम नाऊ', फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ याने वाखाणला होता. तरीही तो दीर्घकाळ दुर्मिळच राहिला आणि २००० साली त्याची पुनर्स्थापित प्रत लोकांसमोर आली.

या मालिकेतील 'कोमांची स्टेशन' (१९६०) पाहावा. कोमांचींनी पळवलेल्या पत्नीचा वर्षानुवर्षे शोध घेणारा नायक एका परस्त्रीला सोडवून घरी पोचवतो. पत्नीला आणायला तिचा पती स्वतः का गेला नाही, हा प्रश्न वाटभर सर्वांना सलत असतो. अखेरीस दारात उभा असलेला पती अंध आहे, हे दिसते. नायक काही न बोलता, बक्षिसासाठी न थांबता, निघून जातो. दुसऱ्याचे घर सावरून स्वतः बेघर राहणाऱ्या या माणसाचे दुःख बदलीच्या गावी आयुष्य काढणाऱ्या आपल्या वाचकांस समजावून सांगावयास नको.

दोष लपवू नयेत. कोमांची येथे माणसे म्हणून येत नाहीत, केवळ भय म्हणून येतात. संग्राहकाच्या प्रेमाने हा अन्याय झाकला जाऊ नये.

तरीही या प्रेमाचे मोल आपण जाणले पाहिजे. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) आज खंडितच उरला आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर आपले कितीतरी मूकपट नष्ट झाले होते. थोर कृती कीर्तीच्या बळावर टिकतात. लहान कृतींना कोणीतरी जपावे लागते. संग्राहक केवळ स्वामित्व मिरवील तर तो हौशी ठरेल. इतरांस बोलावून दाखवील तर तो विश्वस्त ठरेल.