लग्नाचा बस्ता आणि मराठी साहित्य

विवाहविधीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. वाङ्‌निश्चयापासून वरातीपर्यंतच्या प्रत्येक संस्काराची चर्चा पंडितांनी केली आहे, आणि कथाकादंबरीकारांनी तर लग्नमंडप हा आपला हक्काचा रंगमंच मानला आहे. परंतु ज्या दिवशी घरातील मंडळी कापडाच्या पेढीवर बैठक मारतात आणि वधूचा शालू, वरमाईचे लुगडे, मामाची पिवळी व मानपानाची वस्त्रे एकत्र बांधून घरी आणतात, त्या दिवसाकडे आमच्या साहित्याने कोणत्या दृष्टीने पाहिले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात तो विचारण्याचा आमचा मानस आहे. विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. तथापि कुटुंबाची ऐपत, नात्यांची प्रतवारी आणि मुलीच्या मनातील इच्छा ही तिन्ही ज्या एका ठिकाणी समोरासमोर येतात, ते ठिकाण म्हणजे बस्ता होय. आणि माणसे अशी समोरासमोर येतात तेथे साहित्याचे कार्य सुरू होते, असे आम्ही मानतो.

‘बस्ता’ हा शब्द मूळचा फारसी. त्याचा अर्थ बांधलेले. या गाठोड्यात काय काय बांधले जाते ते पाहिले म्हणजे मराठी संसाराचा आवाका ध्यानात येतो. ज्याला आपण अस्सल मराठी वधूवेष म्हणतो, त्यातील शालू बहुधा बनारसचा. पैठणीचे पैठण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. महेश्वरची लुगडी अहिल्याबाई होळकरांनी वसविलेल्या विणकरांच्या मागांवरची, चंदेरी ग्वाल्हेर संस्थानातली, इरकल कर्नाटकातल्या इळकलची. आणि बेळगावला लागून असलेले शहापूर, जेथील मागांवरची लुगडी सीमाभागातील कित्येक घरांत गेली, ते तर सांगली संस्थानचे. बृहन्महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटणार नाही. मराठी नवरीच्या अंगावरचे वस्त्र राजकीय सीमा कधीच जुमानीत नव्हते. मात्र इतक्या दूरदूरच्या हातांनी सिद्ध झालेले हे गाठोडे साहित्यात उलगडले गेले, तेव्हा त्यातून मोजकेच धागे बाहेर आले, असे दिसते.

आरंभ गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’पासून करणे उचित होईल. १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात कापडाची पेढी नाही. पण खरेदी आहे, आणि खरेदीची वस्तू स्वतः वधूच आहे. कांचनभट पैशांच्या लोभाने आपली मुलगी वृद्ध भुजंगनाथाला द्यायला निघतो, आणि मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित हा व्यवहार जुळवून आणतो. देवलांची थोरवी अशी की त्यांनी या व्यवहाराला व्यवहाराचीच भाषा दिली. लग्नाच्या बोलण्यांत जी देवघेव मंगल शब्दांच्या आड झाकलेली असते, ती त्यांनी प्रेक्षकांपुढे उघडी केली. १९२९ साली झालेल्या बालविवाहप्रतिबंधक कायद्याला लोक ‘शारदा कायदा’ म्हणू लागले. ते नाव वास्तविक हरबिलास सारडा यांच्यावरून आलेले. पण मराठी माणसाच्या कानाला त्यात देवलांची शारदा ऐकू आली, हे या नाटकाच्या प्रभावाचे द्योतक म्हणावे लागेल. त्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरविले. ते १८ व्हायला १९७८ साल उजाडावे लागले. या दोन आकड्यांचा आमच्या विषयाशी निकटचा संबंध आहे, हे पुढे दिसून येईल.

शारदेनंतर लग्नातील देण्याघेण्याकडे पाहण्याची आमच्या लेखकांची दृष्टी हळूहळू बदलली. ज्या ठिकाणी देवलांना संताप आला त्या ठिकाणी पुढच्या पिढीला हसू आले. या हास्याचा सर्वांत परिपक्व नमुना म्हणजे पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’मधील ‘नारायण’. हे पुस्तक १९६२ साली प्रसिद्ध झाले आणि १९६५ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. लग्नघरातील प्रत्येक काम अंगावर घेणारा, बायकामंडळींना कापडखरेदीला घेऊन जाणारा, दुकानदाराशी सलगी असलेला आणि कार्य उरकल्यावर कोणाच्याही स्मरणात न राहणारा हा माणूस मराठी वाचकांच्या इतका परिचयाचा झाला, की ‘नारायण’ हे जणू सामान्यनामच बनले.

या लेखाचे मर्म त्याच्या विनोदात आहे असे सामान्यतः समजले जाते. आमचे मत थोडे निराळे आहे. कापडखरेदीची गजबज पु. लं.नी रंगविली ती स्त्रियांची थट्टा करण्याच्या हेतूने नव्हे. एवढ्या माणसांच्या एवढ्या आवडीनिवडी सांभाळणारा माणूस स्वतः मात्र कोणाच्याच आवडीचा विषय होत नाही, हे त्यांना दाखवायचे होते. लेखाच्या अखेरीस हसणाऱ्या वाचकाचा स्वर आपोआप खाली येतो, तो या कारणाने. परंतु ध्वनिफितींतून आणि स्नेहसंमेलनांतून या लेखाचे जे अनुकरण झाले त्यात नेमकी ही करुणा गळून पडली आणि कापडाच्या दुकानात ढीग उपसायला लावणाऱ्या बायका तेवढ्या शिल्लक राहिल्या. पाहता पाहता तो एक साचा झाला. खरेदी म्हटली की स्त्रियांचा काथ्याकूट आणि खिसा चाचपणारा पुरुष, यापलीकडे कित्येक विनोदी लेखकांची दृष्टी गेलीच नाही.

हा साचा अन्यायाचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पैठणीची पारख करणारी स्त्री पदर उलटा करून पाहते, कारण हातमागावरच्या खऱ्या पैठणीचा पदर उलटसुलट दोन्ही अंगांनी सारखाच दिसतो. इरकलीचा पदर अंगाला कोठे जोडला आहे हे ती बोटांनी चाचपते, कारण पदराचा आणि अंगाचा ताणा वेगवेगळा घेऊन फासांनी गुंतविण्याची इळकलची पद्धत आहे. जर अस्सल की नकली, रंग टिकेल की जाईल, या प्रश्नांची उत्तरे ती कोणत्याही शाळेत न शिकता देऊ शकते. शिवाय नणंदेला कोणते लुगडे, चुलतसासूला कोणते, आणि दोहोंत किती अंतर ठेवले असता कोणाचा मान दुखावणार नाही, हा हिशेब तिला मनातल्या मनात करावा लागतो. तो चुकला तर त्याचे परिणाम नवऱ्यामुलीला पुढे कित्येक वर्षे सोसावे लागतात. या विद्येला आणि या जबाबदारीला ‘बायकांचा घोळ’ म्हणून हसणे सोपे आहे. पण ज्या साहित्याने शेतकऱ्याच्या पाऊसपाण्याच्या ज्ञानाचा आदर केला, त्याने घरातल्या स्त्रीच्या वस्त्रज्ञानाची उपेक्षा का करावी?

विनोदाच्या अगदी दुसऱ्या टोकाला शांता शेळके यांची ‘पैठणी’ ही कविता उभी आहे. तिच्यात दुकान नाही, घासाघीस नाही. जपून ठेवलेल्या एका गाठोड्याच्या तळाशी आजीने लग्नात नेसलेली पैठणी आहे, आणि तिला स्पर्श करणारी नात आहे. नव्या वस्त्राचा ताठ पोत संसाराची वर्षे जातात तसतसा मऊ होत जातो, ही या कवितेतील कल्पना आम्हांला विशेष मोलाची वाटते. वस्त्र आणि ते नेसणारी यांचे आयुष्य येथे एकरूप झाले आहे. खरेदीच्या प्रसंगावर लिहिणाऱ्यांची दृष्टी वस्त्राच्या किमतीशी थांबते. शान्ताबाईंनी त्या वस्त्राचे पुढचे सारे आयुष्य पाहिले.

या कवितेवर रसिकांचे जे प्रेम आहे त्यात आम्हीही सहभागी आहो. तथापि तिचे वाचन केवळ गतकाळाच्या हुरहुरीत संपावे, हे आम्हांला मान्य नाही. कवितेने जे सांगण्याचे योजिले नाही त्याबद्दल तिला दोष देणे हा समीक्षेचा धर्म नव्हे. परंतु कवितेने मनात जागविलेला प्रश्न वाचकाने टाळू नये. ती पैठणी निवडली कोणी? त्या पिढीतील बहुसंख्य मुलींचे लग्न ज्या वयात होई, त्या वयात त्यांना पेढीवर नेऊन त्यांचे मत विचारण्याचा प्रघात नव्हता. मग पोत मऊ झाला तो वस्त्राचाच काय? नव्या घरात ताठ उभी राहिलेली एक मुलगीही त्याच क्रमाने मऊ होत गेली असेल. ‘शारदा’ आणि ‘पैठणी’ एकापाठोपाठ वाचल्या असता हा अर्थ उमगतो, आणि त्यामुळे कवितेतील आजी अधिक जवळची वाटू लागते. नातीच्या मायेला त्यामुळे कोठेही उणेपणा येत नाही.

मग या व्यवहारात स्त्रीचा स्वतःचा आवाज मराठीत कोठेच नाही की काय? आहे, पण तो छापील साहित्यात नसून जात्यापाशी आहे. साने गुरुजींनी १९४० च्या सुमारास ‘स्त्रीजीवन’च्या रूपाने ओव्यांचे संकलन केले, पुढे गी पॉइत्वाँ आणि हेमा राइरकर यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. या ओव्यांतून ‘चाटी’ म्हणजे कापडाचा व्यापारी आणि चोळी शिवणारा शिंपी पुन्हा पुन्हा भेटतात. बहिणीला घेऊन भाऊ चाट्याच्या दुकानी बसतो, रंगांची आणि काठांची नावे घेतली जातात, मोलाचा उच्चार होतो, आणि भावजयीच्या कपाळावरची आठीही ओवीच्या नजरेतून सुटत नाही. हे प्रसंग पुष्कळदा सणावाराच्या चोळीचे असतात. बहिणीच्या घरचे कार्य निघाले म्हणजे तेच भावाच्या आहेराचे होतात. त्यांत थट्टा थोडी आणि हुरहुरही थोडी. आपल्या वाट्याला काय आले याची चोख नोंद मात्र आहे. माहेरच्या इस्टेटीत जिला वाटा नव्हता तिने भावाने घेतलेल्या लुगड्याच्या काठावरून आपले माहेरातले स्थान मोजले. ओवी रचणारीला हे ठाऊक होते. आमच्या शिकलेल्या लेखकांच्या ते पुरेसे लक्षात आले नाही.

आज परिस्थिती पालटली आहे. लग्न होणारी मुलगी स्वतः दुकानात जाते, दहा वस्त्रे अंगावर धरून पाहते, दूरच्या मैत्रिणीला भ्रमणध्वनीवर छायाचित्रे पाठवून तिचा कौल घेते, आणि नऊवारीऐवजी घागऱ्याला पसंती देते. क्वचित एका दिवसापुरते वस्त्र भाड्यानेही आणते. यावर संस्कृतीचा ऱ्हास झाला म्हणून गळा काढणारे लेखन आपल्या नियतकालिकांत अधूनमधून येत असते. आम्हांला त्यात तथ्य वाटत नाही. शारदेला जे मिळाले नाही, आजीला जे बहुधा मिळाले नाही, ते निवडीचे स्वातंत्र्य या मुलीला मिळाले आहे, आणि ते पैठणीहून अधिक मोलाचे आहे. चिंता करायचीच असेल तर ती दोन गोष्टींची करावी. यंत्रमागावर निघालेले स्वस्त अनुकरण पैठणीच्या नावाने खपते, आणि महिनोन्‌महिने माग चालविणारा विणकर मागे पडतो. तसेच निवडण्याचे स्वातंत्र्य आले त्याच काळात पारखण्याची विद्या घराघरांतून नाहीशी होत आहे. पदर उलटा करून पाहणारी आजी गेली आणि तिच्या हाताची भाषा कोणी लिहून ठेवली नाही.

येथे अध्यापकांचे कर्तव्य उपस्थित होते. ‘नारायण’ वर्गात वाचला म्हणजे मुले मनसोक्त हसतात, त्यांनी हसावेच. पण त्या हास्यानंतर एखादी ओवी आणि ‘पैठणी’ त्यांच्यापुढे ठेवावी, आणि घरातील वृद्ध स्त्रियांकडून वस्त्रांची, काठांची, रंगांची नावे लिहून आणण्यास सांगावे. इंदूरच्या मुलाच्या वहीत महेश्वर येईल, बेळगावच्या मुलीच्या वहीत शहापूर आणि इळकल, ग्वाल्हेरीत चंदेरी, हैदराबादेत पैठण. या वह्या एकत्र केल्या तर बृहन्महाराष्ट्राच्या वस्त्रभाषेचा एक लहानसा कोश सिद्ध होईल, आणि आपल्या संस्थांना तो छापणे अवघड नाही.

उरते ते लेखकांचे काम. पेढीवर उलगडलेल्या वस्त्रांच्या ढिगापुढे आई, आत्या, होणारी सासू आणि स्वतः वधू बसल्या आहेत. कोणाला काय हवे आहे आणि कोण काय बोलत नाही, हे प्रत्येकीला ठाऊक आहे. या प्रसंगात एका उत्तम कादंबरीचे बीज आहे. ती वधूच्या बाजूने लिहिली जावी, आणि तीत विणकरालाही नाव असावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.