अक्षर आणि व्युत्पत्ती : फ्रेंच पद्याच्या संदर्भात

फ्रेंच शब्दाची घटना आणि त्याचे उच्चारण यांच्या सीमारेषा एकमेकींशी जुळत नाहीत. 'देझार्मे' (निःशस्त्र करणे) या क्रियापदात 'देझ्' हा उपसर्ग आणि 'आर्म' (शस्त्र) हे मूळ पद आहे. उच्चारात मात्र उपसर्गाचे अंत्य व्यंजन पुढील स्वराला मिळते आणि 'दे-झार-मे' अशी अक्षरे पडतात. अक्षर शब्दघटनेविषयी उदासीन असते, असा निष्कर्ष येथून सहज निघतो.

अभिजात पद्यरचना हा निष्कर्ष अपुरा ठरवते. १२ अक्षरांच्या आलेक्सांद्रँ वृत्तात 'लियों' (सिंह) या शब्दाची २ अक्षरे मोजली जातात, 'प्ये' (पाऊल) याचे मात्र एकच. कारण व्युत्पत्तीत आहे. पहिल्याच्या लॅटिन मुळात दोन स्वतंत्र स्वर होते. दुसऱ्यातील अर्धस्वर एकाच लॅटिन स्वराच्या द्विस्वरीकरणातून आला. 'पास्यों' (विकार) हा बोलण्यात दोन अक्षरांचा शब्दही याच न्यायाने पद्यात 'पा-सि-यों' असा तीन अक्षरांचा होतो. बोलीतून लोपलेला इतिहास वृत्ताने असा जपला आहे.

म्हणूनच रासीनच्या 'फेद्र'सारख्या (१६७७) नाटकातील ओळ आजच्या गद्योच्चाराने वाचली, तर केवळ अक्षरसंख्या उणी पडत नाही. ज्या शब्दावर भावाचा भार आहे, तोच आखूड होतो. अर्थात्, व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. ते वाढीव अक्षर नवे काही सांगत नाही. ते शब्दाला अवधी देते. अक्षराला केवळ अर्थशून्य एकक मानणाऱ्या समीक्षेच्या हातून निसटतो, तो हा अवधीच.