दोन पौंडांची हवा

पंक्चरच्या दुकानात हवेची नळी हातात घेतलेला माणूस वर न बघताच विचारतो, "किती मारू?" आणि आपण सवयीने तिसाच्या आसपासचा आकडा सांगतो. मिशिगनमध्ये ताईच्या शेजारी एक निवृत्त शेतकरी राहतो. त्याच्या गॅरेजात मी तोच प्रश्न विचारला, तर त्याने नुसती दोन बोटं वर केली. मला आधी वाटलं, थांबायला सांगतोय. पण ते उत्तर होतं. दोन पौंड. नेमकं सांगायचं तर २.२.

समोर उभी होती १९८१ ची होंडा एटीसी २००. पुढे एक चाक, मागे दोन, आणि चाकं म्हणजे फुगे: उंची २५ इंच, रुंदी १२ इंच आणि आत जेमतेम ९ इंचांची रिम. गाडीला स्प्रिंग नाही, शॉक अॅब्सॉर्बर नाही. खड्डा आला, ओंडका आला, तर तो झेलायचा टायरमधल्या हवेने. त्या हवेवरच सगळी गाडी तरंगत असते. गुडघ्याने टायर दाबला तर आत जातो आणि सावकाश परत येतो. चालणाऱ्या माणसाच्या एका पावलाचा जमिनीवर जेवढा भार पडतो, त्याहून या गाडीचा दर चौरस इंचाला पडणारा भार कमी असतो. म्हणून वाळूत, बर्फात, नांगरटीत ती रुतत नाही.

या गाडीच्या गळक्या टायरची दुरुस्ती मी त्या दिवशी पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिली. एखादी बंदिश पुन्हा पुन्हा ऐकावी तशी ती मनात अजून चालू आहे. तिचं मर्म मला असं वाटतं की जे या चाकाचं देखणेपण, तेच त्याचं दुखणं. तीस पौंडांची हवा टायरची कड रिमवर दाबून धरते. रिमवरचे बारीक खळगे, गंजाचे पापुद्रे त्या दाबाखाली बुजून जातात. दोन पौंडांत ते बळ कुठलं? कड रिमला नुसती टेकलेली असते. शिवाय तिसातला एक पौंड गेला तर कुणाला पत्ता लागत नाही. इथे एक गेला की निम्मी हवा गेली.

हा मऊपणा आला तो होंडाचे अभियंता ओसामू ताकेउची यांच्या खटपटीतून. हिवाळ्यात मोटारसायकली खपत नाहीत, तेव्हा विकायला काहीतरी द्या, असं अमेरिकेतल्या विक्रेत्यांचं मागणं होतं. ताकेउचींनी चाकांच्या संख्येपासून सगळं चाचपून पाहिलं. त्यांना वाट सापडली ती अँफिकॅट नावाच्या सहाचाकी, पाण्यातही चालणाऱ्या गाडीच्या कमी दाबाच्या टायरांत. १९७० मध्ये यूएस ९० ही तीनचाकी बाजारात आली, तीच पुढे एटीसी ९० झाली. पहिल्या टायरांना दगडधोंड्यांचं काही वाटत नसे, पण कापणी झालेल्या शेतातल्या धसकटांनी ते फुटत. धसकटांवरून अनवाणी चाललेल्या कुणालाही हे सांगायला नको. म्हणजे टायरची डागडुजी या गाडीच्या जन्मापासूनच तिच्याबरोबर आहे.

१९८७ च्या डिसेंबरअखेर अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाशी कंपन्यांचा करार झाला आणि नव्या तीनचाकींची विक्री थांबली. गाड्या उलटत होत्या, मुलं दगावत होती. तो निर्णय मला योग्यच वाटतो. पण त्यामुळे झालं असं, की आज जी कुठली अशी गाडी दिसेल तिचं वय चाळिशीच्या आगेमागे असतं. रबर सुकलेलं, रिम गंजलेली. हवा जाणार नाही तर काय होईल?

म्हातारबाने सुरुवात केली ती काहीही न करता. सप्टेंबरअखेरची सकाळ, मागचे दोन्ही टायर बसलेले. मी म्हटलं, गळतायत. तो म्हणाला, आधी ऊन वर येऊ दे. कारण मला नंतर हिशेब मांडल्यावर कळलं. बाहेरच्या हवेचा दाब सुमारे १४.७ पौंड, त्यात आपले २.२ मिळवले की १६.९. दुपारच्या २५ अंशांवरून पहाटेच्या ५ अंशांवर पारा उतरला, की या बेरजेतला सुमारे पंधरावा भाग आकसतो, म्हणजे एक पौंडाहून थोडा जास्त. कागदावरच्या हिशेबाने एकही भोक नसताना पहाटे टायर निम्म्यावर येतो. मोटारीत हा फरक दिसतच नाही. इथे तो डोळ्यांना दिसतो. गळका टायर आणि गारठलेला टायर यांतला भेद ओळखायला थांबावं लागतं, आणि म्हातारबा थांबला.

ऊन आलं. मागचा उजवा फुगला, डावा तसाच. आता गळती शोधायची. आपल्याकडे ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून फिरवतात. हे धूड कुठल्या घमेल्यात मावणार? त्याने बादलीत भांड्यांचा साबण घोळवला आणि रंगाच्या जुन्या ब्रशने टायरला हळूहळू अंघोळ घातली. मी सुचवलं, थोडी जास्त हवा भरली तर बुडबुडे लवकर येतील. त्याने मान हलवली. सगळ्या कामातली सर्वांत सुंदर जागा मला ही वाटते. काटा घुसला असेल तर जास्त हवेने तो लवकर सापडेल, हे खरं. पण गळती कडेतून असेल, तर जास्त हवा कड रिमवर दाबेल आणि गळती गप्प होईल. जो दोष दोन पौंडांवर आहे तो दोन पौंडांवरच विचारायचा. मंद्रातली खोट तारसप्तकात शोधून सापडत नाही.

मग आम्ही बुडबुडे वाचत बसलो. भोक असलं की मोठे, घाईचे बुडबुडे एकाच जागी येतात. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी लावून पाहिली, काही नाही. व्हॉल्व्हची दांडी वाकवून मुळाशी भेग आहे का पाहिली, नव्हती. बाजूच्या रबरावर उन्हाने केसांसारख्या चिरा पडलेल्या होत्या, पण वरवरच्या. आतले धागे दिसले असते तर टायर टाकूनच द्यायचा, त्यात दयामाया नको. आणि मग रिमला लागून, वीतभर लांब, पांढरा बारीक फेस हळूच उभा राहिला. ताक घुसळताना कडेला जमतो तसा. गळती कडेचीच होती.

कड सोडवणं हे अंगमेहनतीचं काम. चाक ट्रकच्या बंपरखाली आडवं ठेवून, रिमला चिकटून रबरावर फळी आणि फळीवर जॅक. जॅक चढत गेला, ट्रकचं नाक वर जायला लागलं आणि कड एकदम खाली बसली. रिमची बैठक उघडी पडली: तांबूस, फुगलेली, पापुद्रे सुटलेली.

इथे आडवाटा पुष्कळ आहेत. आत हिरवं द्रव ओतणारे असतात; ते गळती काही दिवस बुजवतं, पण मागाहून आत पॅच लावायचा झाला तर तो चिकट राडा पुसता पुसता जीव जातो. ट्यूब टाकणारे असतात. कमी दाबात टायर रिमवर सरकतो, बरोबर ट्यूबला ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. कड बसवायला ज्वालाग्राही फवारा मारून काडी लावणाऱ्यांचं तर मी कौतुक करू शकत नाही. त्यात कसब नाही, हात गमावण्याची तयारी तेवढी आहे.

म्हातारबाने तारेचा ब्रश घेतला, मग जाड सँडपेपर, मग बारीक. दर थोड्या वेळाने तो डोळे मिटून अंगठा बैठकीवरून फिरवी. गुळगुळीतपणा बघण्यापेक्षा तो हाताला विचारायचा. नंतर प्रायमर, वर रंगाचा हात, आणि रंग दोन दिवस वाळू दिला. तिसऱ्या दिवशी टायरच्या कडेवर काळं घट्ट सीलर लावलं आणि खटक्याचा पट्टा टायरच्या मध्यावरून आवळला, की दोन्ही कडा बाहेर, रिमकडे ढकलल्या जाव्यात. हवा सोडली. सुरुवातीला ती नुसती फुसफुसत निघून गेली. पट्टा आणखी एक खटका. मग आवाज बदलला, भरीव झाला, आणि "टप्". आतली कड बसली. पुढचा क्षण लांबला. त्याची नजर टायरच्या बाजूवर छापलेल्या दाबाच्या मर्यादेवर होती, त्यापुढे तो गेला नसता. "टप्". दुसरी बसली.

पट्टा निघाला, हवा उतरवत उतरवत २.२ वर आणली. नेहमीच्या गेजचा काटा एवढ्या खाली धड काही सांगत नाही. त्याच्याकडे कमी दाबाचा वेगळा गेज होता. तरी त्यावरही न थांबता त्याने शिंप्याची टेप काढली आणि मागच्या दोन्ही चाकांचा घेर मोजला. मागची चाकं एकाच अखंड आसावर फिरतात, त्यांत डिफरन्शियल नाही. एक फुगा लहान राहिला तर गाडी सरळ रस्त्यावरही त्या बाजूला ओढते. डावं चाक बोटभर जास्त निघालं. त्याने व्हॉल्व्हवर नख टेकवून एक श्वासभर हवा सोडली, परत टेप लावली.

सीलर लावलेल्या कडेवर पुन्हा साबण फिरवला. आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. पाणी ओघळलं, वाळलं, फेस आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन तेवढंच वर आल्यावर, मी चाकाला गुडघा लावला. तो आत गेला आणि सावकाश परत आला.