प्रतिसरकारातील स्त्रिया व पुराव्याचे माप

श्री. पी. साईनाथ यांचा ‘द लास्ट हीरोज’ हा इंग्रजी ग्रंथ 2022 साली प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या प्रांतांतील सामान्य स्वातंत्र्यसैनिकांची चरित्रे त्यांच्या मुलाखतींच्या आधारे त्यात दिली आहेत. त्यांपैकी कै. हौसाताई पाटील यांच्यावरील प्रकरणाचा सातारच्या प्रतिसरकाराच्या इतिहासाशी साक्षात् संबंध असल्यामुळे त्याचाच विचार येथे कर्तव्य आहे.

हौसाताई (1926–2021) ह्या क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या कन्या. प्रतिसरकाराचा काळ 1943 ते 1946. त्या वेळी सातारा जिल्हा अखंड होता; त्याचा दक्षिण भाग 1949 साली निराळा करण्यात आला व 1960 पासून तो सांगली जिल्हा ह्या नावाने ओळखला जातो. हौसाताईंच्या साक्षीत दोन प्रसंग मुख्य आहेत. भवानीनगर येथे पोलीस ठाण्यासमोर एका कार्यकर्त्याने नवऱ्याची बतावणी करून त्यांस मारहाण केली. पोलीस भांडण सोडविण्यास धावले, आणि तेवढ्यात इतरांनी ठाण्यातील बंदुका लांबविल्या. दुसरा प्रसंग गोव्यातील. पणजीच्या तुरुंगात पडलेले सहकारी बाळ जोशी यांच्या सुटकेचा बेत ठरला तेव्हा बहीण म्हणून भेटीस जाऊन त्यांनी अंबाड्यात लपविलेली चिठ्ठी पोहोचविली. परततेवेळी लाकडी पेटीच्या आधाराने रात्री मांडवी ओलांडली.

ही साक्ष घटनेनंतर सत्तरांहून अधिक वर्षांनी घेतलेली आहे. शिवाय साक्षीदार नेत्याची कन्या. समकालीन कागदावाचून ती ग्राह्य कशी धरावी, असा आक्षेप येईल. आक्षेप गैर नाही. परंतु तो सर्वांस सारखाच लावला पाहिजे. पुरुष कार्यकर्त्यांच्या आठवणीही पुष्कळशा मागाहून सांगितलेल्याच आहेत, व त्यांवरून इतिहास रचताना आम्ही सहसा कचरत नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा निराळाच आहे. भवानीनगरची युक्ती साधली ती, नवऱ्याने बायकोस रस्त्यात मारणे हा पोलिसांस नित्याचा प्रकार वाटला म्हणून. त्या दिवशी ठाण्याच्या कागदात काही नोंद झालीच असेल तर ती प्रथमतः नवरा-बायकोच्या तंट्याची होणार. सरकारी कागदाची दिशाभूल व्हावी हाच त्या बेताचा हेतू होता. पणजीच्या तुरुंगातही भेटीस आलेली स्त्री बहीणच ठरावी, अशी योजना होती. जे काम कागदात येऊ नये म्हणूनच स्त्रियांकडे सोपविले गेले, ते कागदात सापडत नाही म्हणून झालेच नाही असे म्हणणे तर्कदुष्ट होय.

ही चूक केवळ इतिहासकारांकडून होते असेही नाही. 1972 साली सुरू झालेल्या केंद्रीय निवृत्तिवेतनाच्या नियमांत सहा महिन्यांचा कारावास हे सामान्य माप असून स्त्रियांकरिता ते तीन महिन्यांचे आहे. भूमिगतांच्या बाबतीतही फरारी म्हणून जाहीर होणे, बक्षीस लागणे यांसारखा पुरावा लागतो. म्हणजे पकडली गेलेली, निदान ओळखली गेलेली व्यक्तीच त्या मापात बसते. भाकऱ्या पोहोचविणारी, निरोप नेणारी, रात्री दार उघडणारी स्त्री कधीच सापडली नाही, तर तिचे यशच तिच्याविरुद्ध पुरावा ठरते.

ग्रंथकर्त्यास हे तत्त्व अवगत नाही असे नाही. पुरुलियाच्या भवानी महातो यांच्यावरील प्रकरणात, आपण चळवळीत काहीच केले नाही असे म्हणणाऱ्या त्या बाईंनी भूमिगतांस शिजवून घातलेले अन्न हेच त्यांचे रणकार्य असे त्यांनी यथार्थ ठरविले आहे. परंतु सातारच्या प्रकरणात भर पडतो तो साहसांवर. हेच माप येथे लावले असते, तर कुंडल-वाळव्याच्या घराघरांतील चुलींचा हिशेबही पुढे आला असता. तीन-साडेतीन वर्षे भूमिगतांची फळी टिकली ती केवळ बंदुकांवर टिकली नाही. वाळव्याच्या लक्ष्मीबाई नायकवडी, कासेगावच्या इंदुमती पाटणकर (1925–2017), राजमती पाटील ही नावे हौसाताईंच्या बरोबरीने यावयास हवीत.

पुढील संशोधनाची दिशाही येथेच दिसते. कुंडल हे औंध संस्थानात, सांगली शहर निराळ्या संस्थानाची राजधानी, भोवतालचा मुलूख ब्रिटिश अमलाखाली, आणि गोवा पोर्तुगीजांकडे. अशा चार सत्तांच्या दप्तरांत हा इतिहास विखुरला आहे. पणजीच्या कैद्यांची नोंद हौसाताईंच्या कथनाशी ताडून पाहता येण्याजोगी आहे, व तसे केल्याने साक्षीचे मोल घटणार नाही. मात्र दप्तर चाळताना ‘आरोपी’ ह्या सदरापाशी थांबू नये. जप्त घरांच्या याद्या, तंट्यांच्या फिर्यादी, तुरुंगातील भेटींच्या वह्या, एवढेच नव्हे तर प्रतिसरकाराच्या न्यायदान मंडळांपुढे आलेली स्त्रियांची गाऱ्हाणी आणि कमी खर्चात लागलेली ‘गांधी लग्ने’, हीही तपासावी.

कागद थांबू शकतात. माणसे थांबत नाहीत. इंदुताई व हौसाताई दोघीही आता नाहीत. श्री. साईनाथ यांनी साक्ष वेळेवर टिपली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. ती ताडून पाहणे व तिच्याभोवतीची रिकामी जागा भरून काढणे हे संशोधकांचे काम शिल्लक आहे. ज्यांच्या घरी अशा आठवणी अद्याप सांगितल्या जातात त्यांनी त्या, सांगणाऱ्याचे नाव, गाव व सांगितल्याची तारीख यांसह, विनाविलंब लिहून ठेवाव्यात, अशी आमची विनंती आहे.