वीण आणि उसवण : अपुऱ्या हस्तकामाच्या समीक्षेची भाषा

मराठी समीक्षेच्या परिभाषेत कापडाचा संसार मोठा आहे. कादंबरीची वीण घट्ट असते वा सैल असते. कवितेचा पोत तपासला जातो. अर्थाला अनेक पदर असतात. आणि कथानकात उपरे वाटणारे प्रकरण ठिगळासारखे दिसते. ही प्रवृत्ती केवळ मराठीची नव्हे. ‘सूत्र’ म्हणजे मुळात दोरा. ‘ग्रंथ’ या शब्दामागे गुंफण्याची, गाठ घालण्याची कल्पना आहे. आणि युरोपीय भाषांतील ‘टेक्स्ट’ हा शब्द ‘विणणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला आहे. वाङ्मयाने विणकऱ्याचे आणि शिवणाऱ्याचे ऋण घेतले, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. मात्र हे ऋण कोणत्या अवस्थेतील कापडाकडून घेतले, हा प्रश्न सहसा उपस्थित केला जात नाही.

वीण, पोत, पदर, ठिगळ हे शब्द वाङ्मयविचारात येतात ते पुऱ्या झालेल्या वस्तूचे धर्म म्हणून. वस्तू हाती आली, उलगडून पाहिली, मग तिचे गुणदोष सांगितले, अशी ही दृष्टी आहे. याउलट काम सुयांवर असताना, टाके मोजले जात असताना, शेजारीण येऊन बसलेली असताना जी भाषा बोलली जाते, तिचा समीक्षेशी संबंध क्वचितच जोडला गेला आहे. वास्तविक ती भाषा हीदेखील समीक्षाच आहे. तिला स्वतःचे निकष आहेत, स्वतःचा संकोच आहे आणि स्वतःचे व्याकरण आहे.

लोकरीच्या स्वेटराचे उदाहरण घ्यावे. दोन सुयांवर विणताना पाठ, पुढचा भाग आणि दोन बाह्या सामान्यतः वेगवेगळ्या विणून शेवटी जोडतात. त्यामुळे ‘अपुरा स्वेटर’ ही एक अवस्था नसून अनेक अवस्था आहेत, आणि मराठी क्रियापदे त्या नेमक्या वेगळ्या करतात. ‘स्वेटर विणायला घेतला’ या वाक्यात किती झाले याचे कोणतेही आश्वासन नाही; नुसते टाके घातलेले असले तरी ते खरे ठरते. ‘स्वेटर विणत आणला’ असे म्हणताना बोलणारी आरंभापासून नव्हे, शेवटापासून अंतर मोजते. ‘पाठ झाली, बाह्या राहिल्या’ हे विधान कामाची वाटणीच समोर ठेवते. ‘स्वेटर गळ्याला आला’ या वाक्यात तर विणणारी नाहीशी होते आणि स्वेटरच जणू वाट चालून एका मुक्कामाला पोचतो.

या विधानांचे कार्य केवळ माहिती देणे एवढेच नाही. ‘गळ्याला आला’ हे ऐकताच जाणत्या ऐकणारीला कळते की आता टाके कमी करण्याची वेळ आली आहे, आणि सल्ला द्यायचा तर तो आताच उपयोगी आहे. ‘बाह्या राहिल्या’ असे म्हटले की पाठ मुलाच्या अंगाला लावून बाहीची लांबी अजून ठरवता येते. म्हणजे प्रत्येक अवस्थेची घोषणा ही ‘काय झाले’ यापेक्षा ‘अजून काय बदलता येईल’ याची सूचना असते. पुऱ्या कृतीच्या समीक्षकाला हा अधिकार कधीच मिळत नाही. त्याचे मत कितीही मार्मिक असले तरी त्याने एकही टाका हलत नाही.

दोष दाखविण्याची रीतही येथे लक्षात घेण्याजोगी आहे. ‘अगं, इथे एक टाका सुटलाय बघ,’ असे एक बाई दुसरीला सांगते. ‘तू टाका सोडलास’ असे ती सहसा म्हणत नाही. मराठीत सुटणे–सोडणे, तुटणे–तोडणे, फाटणे–फाडणे अशा जोड्या विपुल आहेत. त्यांतील अकर्मक रूप निवडले की कर्ता वाक्यातून बाहेर राहतो आणि दोष हाताचा न राहता वस्तूचा होतो. ‘वीण सैल पडली’, ‘बाही मोठी होतेय’, ‘टोक वाकडं जातंय’ ही सर्व वाक्ये याच जातीची आहेत. त्यांना केवळ सौजन्य म्हणणे अपुरे आहे. सुटलेला टाका ओळीमागून ओळ खाली उतरत जातो. तो वेळीच क्रोशाच्या सुईने वर उचलून घ्यावा लागतो. ज्याची घाई आहे तो टाका. अपराध कोणाचा याचा निवाडा नव्हे. येथे व्याकरणाने केलेली निवड कामाच्या गरजेशी जुळलेली आहे.

या जोड्यांच्या पंक्तीत एक क्रियापद मात्र बसत नाही. ते म्हणजे ‘उसवणे’. आजच्या प्रमाण मराठीत त्याचे अकर्मक आणि सकर्मक रूप एकच आहे. ‘बाहीची शिवण उसवली’ याचा अर्थ ती आपोआप सुटली असाही होतो आणि कोणी ती मुद्दाम सोडवली असाही होतो. कर्ता सांगितला नाही तर वाक्यावरून भेद कळत नाही. कोशाच्या दृष्टीने ही संदिग्धता म्हणावी लागेल. परंतु काम हातात असणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तिच्यात एक तथ्य आहे. मागे दहा ओळींवर चूक सापडली तर त्या दहा ओळी उसवाव्या लागतात. बिघडण्याची आणि सुधारण्याची क्रिया बाहेरून सारखीच दिसते. इतकेच नव्हे, तर मुलाला लहान झालेला स्वेटर सबंध उसवून, लोकरीची लडी करून, ती धुऊन, वाळताना खाली वजन बांधून तिच्यातील जुन्या विणीचे वळ घालवून तिचाच नवा स्वेटर विणण्याची पद्धत अनेक घरांतून होती. तेथे उसवण हा शेवट नसून आरंभ आहे. समीक्षेने ‘वीण’ घेतली, ‘उसवलेली’ हे दोषवाचक विशेषणही घेतले. पण आरंभ म्हणून उसवणे ही कल्पना घरातच राहिली.

जुन्यातून नवे करण्याचे याहून ठळक उदाहरण गोधडीचे आहे. वाकळ, चौघडी, दुपटे ही नावे आकाराने, घडीने आणि प्रदेशाने बदलतात. मूळ कृती मात्र एकच आहे. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरायची, थर हलू नयेत म्हणून मोठ्या टाक्यांनी टाचून घ्यायचे आणि मग सर्वभर धावदोरा घालायचा. कडेने शिवत मध्याकडे येण्याची रीत अनेक ठिकाणी आढळते. या रीतीत थर नीट ताणलेले नसतील तर ढिलाई आत आत सरकते आणि मध्यावर फुगा येतो. म्हणून चार बाजूंना बसलेल्या बायकांचे एकमेकींच्या हाताकडे लक्ष असते. गोधडी अंथरूनच शिवायची असल्यामुळे ती लपवूनही ठेवता येत नाही. ओसरीवर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीस ती अपुऱ्या अवस्थेतच दिसते, आणि ‘इकडं चुणी पडतेय’ असे सांगण्याचा हक्क तिला न मागता मिळतो.

पुरे झाले कधी, हेही करणाऱ्यांचा समूहच ठरवतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांच्या गोधडीला ‘कवंद’ म्हणतात. या समाजातील अनेकांची बोली कोकणी असल्याने हे उदाहरण मराठी अभ्यासकाला परके वाटू नये. कवंदीच्या कोपऱ्यांवर ‘फुला’ नावाचे घड्या घातलेले लहान तुकडे बसवतात. ते नसतील तर कवंद उघडी राहिली असे समजतात, अशी नोंद तिच्या अभ्यासकांनी केली आहे. उबेच्या दृष्टीने फुला आवश्यक नाहीत. तेव्हा हा निकष उपयोगाचा नव्हे, सौंदर्याचा आणि औचित्याचा आहे. आणि तो कोणत्याही कलासमीक्षकाने घालून दिलेला नाही.

ही भाषा गळून पडली म्हणजे समीक्षेचे काय होते, याचे बोलके उदाहरण अमेरिकेतील अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीच्या गोधड्यांचे आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी जुन्या कपड्यांतून केलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात आणि त्यानंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या. त्या भिंतीवर उभ्या टांगल्या गेल्या, आणि न्यूयॉर्कमधील समीक्षक मायकेल किमेलमन यांना त्या पाहून मातिस आणि क्ले या चित्रकारांची आठवण झाली. या गौरवाने एका उपेक्षित वस्तीचे काम जगापुढे आले, हे निःसंशय मोलाचे आहे. तथापि भिंतीवरच्या गोधडीचा दर्शनी भाग एकटीने जोडलेला आणि थर शिवण्याचे काम अनेकींनी मिळून केलेले, ही तेथील रूढ विभागणी चित्राच्या परिभाषेत बसत नाही. मिसूरी पेटवे हिने १९४२ साली दिवंगत पतीच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. त्या वेळी हाताशी असलेली तिची मुलगी अर्लोंझिया हिने पुढे ती हकीकत सांगितली, म्हणूनच त्या फिकट निळ्या-करड्या पट्ट्यांचा अर्थ आज कळतो. रंगसंगतीचे कितीही सूक्ष्म विश्लेषण केले तरी तो अर्थ तेथे सापडला नसता. करतेवेळी जवळ असणाऱ्या व्यक्तीचे बोलणे हाच येथे समीक्षेचा आधार ठरतो.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. अपुऱ्या कामाभोवतीचे हे बोलणे नेहमीच सहकार्याचे असते काय? नव्या सुनेच्या हातातील शिवण पाहणारी नजर परीक्षकाचीही असू शकते. आणि ‘टाका सुटला’ हे वाक्य विशिष्ट सुरात उच्चारले तर ‘सोडलास’ याहून अधिक बोचते. अकर्मक रूपाने कर्ता व्याकरणातून वगळला जातो. माजघरातून वगळला जाईलच असे नाही. शिवाय काम दाखवायचे की नाही याची निवड जिला आहे तिचे आणि जिला ती नाही तिचे दाखवणे एक मानता येणार नाही. हा आक्षेप मान्य करावाच लागतो. परंतु त्याने मूळ प्रतिपादन खोडले जात नाही. उलट या भाषेचा अभ्यास का हवा हे स्पष्ट होते. जी भाषा सावरते आणि जी टोचते ती एकाच वाक्यात वसत असेल, तर कोण कोणाला, कोणत्या सुरात आणि कामाच्या कोणत्या टप्प्यावर बोलले, याची नोंद झाल्याशिवाय त्या वाक्याचा अर्थ लागणार नाही.

नेमकी हीच नोंद आपल्या बोलीसंकलनात दुर्मिळ आहे. संकलक तयार वस्तूवर बोट ठेवून ‘याला काय म्हणतात?’ असे विचारतो आणि ‘वाकळ’ हे नाम घेऊन परततो. नामांची यादी वाढते. ‘घेतली’, ‘आणली’, ‘राहिली’, ‘उसवली’ यांतील भेद मात्र वहीत येत नाहीत. नऊवारी लुगडे नित्याच्या वापरातून मागे पडत चालले आहे. त्याबरोबर त्याच्या मऊ झालेल्या थरांवर धावदोरा घालणारे हातही कमी होत आहेत. गोधडी संग्रहालयात जपता येईल. ती होत असतानाचे बोलणे तेथे जपता येत नाही. म्हणून वाङ्मयाच्या आणि भाषेच्या अभ्यासकाने घडी करून ठेवलेल्या गोधडीपेक्षा अंथरलेल्या गोधडीपाशी आधी जाऊन बसणे अगत्याचे आहे. तेथे पहिला प्रश्न ‘याला काय म्हणतात?’ हा नसावा, ‘कुठवर आली?’ हा असावा.