झाडाचे ठोके आणि दाराची चौकट

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांसाठी दिवसाची शिबिरे भरतात. चित्रकला, मातीकाम, गाणी यांच्या जोडीला 'निसर्ग' हाही एक तास ठेवलेला असतो आणि तो बहुधा एखाद्या विज्ञानशिक्षकाकडे येतो. मुले सकाळी येणार, दुपारी घरी जाणार. जंगल दूर, हाताशी फक्त शाळेचे आवार आणि समोर तीस-पस्तीस मुले! आम्हीही काही वर्षे असे तास घेत आहोत. अशा वेळी हमखास उपयोगी पडणारे एक पुस्तक म्हणजे जोसेफ कॉर्नेल या अमेरिकन निसर्गशिक्षकाचे 'शेअरिंग नेचर विथ चिल्ड्रेन'. ते १९७९ साली प्रथम प्रसिद्ध झाले. त्यातले दोरीचे जाळे, डोळे बांधून झाड ओळखणे हे खेळ आपल्याकडच्या शिबिरांतही खेळले जातात. ते कुठून आले हे खेळवणाऱ्याला पुष्कळदा ठाऊक नसते. म्हणूनच या पुस्तकाकडे जरा चिकित्सक नजरेने पाहणे आवश्यक वाटते.

पुस्तकाचे गुण आधी सांगितले पाहिजेत. शिक्षकाने आधी मुलांना पाहू द्यावे, अनुभवू द्यावे आणि बोलणे नंतरसाठी राखावे, हा कॉर्नेल यांचा आग्रह आहे. झाडाचे नाव, कुळ आणि उपयोग एका दमात सांगून पुढच्या झाडाकडे वळण्याच्या आपल्या सवयीवर हा चांगला उतारा आहे. खेळांना महागडे साहित्य लागत नाही. कोणता खेळ किती वयाच्या मुलांसाठी, कोठे आणि किती जणांत खेळावा, याची टिपणेही दिली आहेत.

परंतु सगळेच खेळ सारख्या मोलाचे नाहीत. ते पारखायला आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. खेळाच्या शेवटी बरोबर काय नि चूक काय, हे कोण सांगते? निसर्ग, की शिक्षक?

झाड ओळखण्याचा खेळ या कसोटीला पूर्ण उतरतो. एकाचे डोळे बांधायचे, जोडीदाराने त्याला एका झाडापाशी न्यायचे. त्याने साल चाचपायची, खोडाला कवेत घ्यायचे, वास घ्यायचा. मग फिरवून परत आणायचे आणि डोळे सोडून 'तुझे झाड शोध' म्हणायचे. झाड सापडते किंवा सापडत नाही. कडुनिंबाची भेगाळलेली साल आणि पेरूचे गुळगुळीत खोड यांतला फरक कोणी सांगावा लागत नाही. 'कशावरून ओळखलेस?' एवढे विचारले, की मूल पुरावा मांडू लागते.

झाडाचे ठोके ऐकण्याचा खेळ मात्र या कसोटीवर अडतो. पातळ सालीच्या झाडाला स्टेथोस्कोप लावायचा आणि त्याच्या 'हृदयाचे ठोके' ऐकायचे. झाडाला हृदय नसते. पानांतून पाण्याची वाफ होते, त्या ओढीने मुळांपासून पाण्याचा अखंड स्तंभ वर खेचला जातो, ही कल्पना डिक्सन आणि जोली यांनी १८९४ साली मांडली. यात ठोके देणारा पंप कोठेच नाही. मग कानात येते ते काय? खेळ बाद करण्यापेक्षा तोच स्टेथोस्कोप एखाद्या वाळक्या खोडाला आणि वर्गाच्या दाराच्या लाकडी चौकटीला लावून पाहावा. वारा असताना, वारा नसताना, हात हलवून आणि स्थिर धरून ऐकावे. चौकटीतूनही तसाच आवाज आला, तर तो झाडाच्या जिवंतपणाचा पुरावा नव्हे, हे मुलेच सांगतील. ज्याला आम्ही प्रयोगशाळेत नियंत्रित प्रयोग म्हणतो, तो हाच.

तिसरा खेळ वटवाघूळ आणि पतंग यांचा. डोळे बांधलेले 'वटवाघूळ' हाक मारते आणि 'पतंग' ओ देतात. त्या आवाजाच्या रोखाने त्यांना पकडायचे. मुले या खेळावर खूष असतात. पण खऱ्या पतंगाने ओ द्यावी लागत नाही. वटवाघळाचाच आवाज त्याच्या अंगावर आदळून परततो. हे सांगितले नाही, तर पतंग उत्तर देतो असा समज होतो. शिवाय कित्येक पतंगांना वटवाघळाचा आवाज ऐकू येतो आणि ते झटकन दिशा बदलतात, हे केनेथ रोडर यांच्या प्रयोगांनी दाखवले आहे. आणखी एक घोटाळा आपल्याकडचा. गावातल्या वडा-पिंपळांवर दिवसा लटकलेली मोठी, फळे खाणारी वटवाघळे प्रतिध्वनीवर नव्हे, डोळ्यांवर आणि नाकावर अवलंबून असतात. मुलांना दिसतात ती बहुधा हीच!

चौथा खेळ दोरीचा. कोणी गवत, कोणी टोळ, कोणी बेडूक. सर्वांच्या हातांतून एकच दोरी जाते. झाड 'मेले' की दोरीला हिसका बसतो आणि तो सर्वांना जाणवतो. यातून सगळे सगळ्यांशी सारखेच जोडलेले आहेत, असा बोध मिळतो. तो अर्धाच खरा आहे. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर रॉबर्ट पेन यांनी खडकांवरून फक्त तारामासे काढून टाकले. शिंपल्यांनी जागा व्यापली आणि तिथल्या १५ जाती ८ वर आल्या, असे त्यांनी १९६६ साली प्रसिद्ध केले. कोणताही प्राणी काढला असता तर असेच झाले असते, असे मात्र नाही. कोणता धागा भक्कम आणि कोणता कच्चा, हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

तेव्हा दोरी हातात घेण्यापूर्वी मुलांना आवाराबाहेरच्या रुईच्या झुडपापाशी न्यावे. पानांमागे पिवळा मावा असतो. मावा खाणारे ढालकिडे, मुंग्या, कधी पाने कुरतडणाऱ्या पट्टेरी अळ्या सापडतात. (रुईचा चीक डोळ्यांत जाणार नाही, याची काळजी घ्यावी.) मग जे प्रत्यक्ष दिसले, त्यांनाच दोरी द्यावी. जाळे लहान होईल, पण ते मुलांचे स्वतःचे असेल.

यावर कोणी म्हणेल, सुट्टीतल्या मुलांना आनंद मिळाला, एवढे पुरे नाही का? आनंद हवाच. पण शिबिर संपल्यावर शिक्षक बरोबर नसतो. झाडाला ठोके असतात हे 'ताईंनी सांगितले' म्हणून मानणारे मूल उद्या दुसऱ्या कोणाचेही मानेल. तपासून पाहण्याची गोडी एकदा लागली, तर ती शाळा उघडल्यावरही टिकते.

हे पुस्तक शिक्षकांनी जरूर वाचावे. खेळ घ्यावेत आणि प्रत्येकाच्या शेवटी 'हे कशावरून?' हा प्रश्न आपल्याकडून जोडावा. त्यासाठी तासातली शेवटची पंधरा मिनिटे राखून ठेवली, तरी पुरेशी आहेत.