बापू कुटी आणि साधेपणाचे सौंदर्यशास्त्र : इव्हान इलिच यांच्या विवेचनाची चिकित्सा

घरातील वस्तू कमी करणे, भिंतींना मातीचा गिलावा देणे, बांबू व लाकूड उघडे ठेवणे आणि दिवसाचा प्रकाश आत खेळू देणे ही आज ‘मिनिमलिस्ट’ गृहसजावटीची लक्षणे मानली जातात. या शैलीच्या समर्थनार्थ वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रमातील बापू कुटीचा दाखला सहज सुचतो. दाखला अप्रस्तुत नाही. मात्र त्यातून काढला जाणारा अर्थ तपासून पाहावा लागतो.

महात्मा गांधी १९३६ मध्ये शेगाव या खेड्यात राहावयास आले. पुढे १९४० मध्ये त्याचेच सेवाग्राम झाले. बापू कुटी ही मुळात मीराबेन यांची झोपडी. ती वाढवून गांधीजींच्या वास्तव्यासाठी घेण्यात आली. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू एवढीच तिची सामग्री होय. भोवतालच्या ओसरीमुळे विदर्भातील उन्हाळ्याचे ऊन थेट आत शिरत नाही. प्रकाश येतो तो निवलेला.

‘डीस्कूलिंग सोसायटी’ या ग्रंथामुळे अध्यापकवर्गास परिचित असलेले विचारवंत इव्हान इलिच यांनी १९७८ मध्ये सेवाग्राम येथे केलेल्या भाषणात या कुटीचे विवेचन केले. काही काळ कुटीत बसून त्यांनी ती न्याहाळली होती. त्यांच्या मते सामान ठेवण्याची जागा आणि माणसाने वसण्याची जागा या दोन भिन्न गोष्टी आहेत. वस्तूंचा संचय वाढतो तसा माणूस त्यांवर विसंबू लागतो. विशेष म्हणजे त्यांचे वर्णन सामग्रीवर थांबत नाही. पादत्राणे काढण्याची जागा, गांधीजींची बैठक, पाहुण्यांची खोली, रुग्णाची खोली, ओसरी असा त्यांचा क्रम माणसांच्या वावराचा आहे. इलिच यांच्या विवेचनाचे खरे सामर्थ्य येथेच दिसून येते. कुटीतील मोकळी जमीन ही डोळ्यांना सुखावण्यासाठी राखलेली पोकळी नव्हे. तेथे कोणीतरी येऊन बसणार आहे म्हणून ती मोकळी आहे.

कुटीची भिंतही पूर्णतः कोरी नाही. मीराबेन यांनी मातीतच ताडाची झाडे व चरखा यांचे उठाव घडविले आहेत. अलंकरणाचा निषेध हे कुटीचे तत्त्व असते, तर ते तेथे टिकले नसते. (सजावटीच्या सचित्र पुस्तकांत मात्र कोरी भिंतच जणू साधेपणाची खूण ठरते!)

तथापि, इलिच यांच्या मांडणीत एक उणीव राहते. कुटी यंत्राने नव्हे, मानवी हातांनी घडली याचा ते गौरव करतात. ते हात कोणाचे, हा प्रश्न उपस्थित करीत नाहीत. मातीचे घर एकदा बांधून संपत नाही. जमीन वारंवार सारवावी लागते, पावसाने झडलेली भिंत लिंपावी लागते, कवेलूंची फेरणी करावी लागते. आश्रमात झाडलोट व संडाससफाईसह सर्व श्रम वाटून घेण्याचा नियम होता. खेड्यातील सामान्य मातीच्या घरात मात्र सारवण बहुतांशी स्त्रीच्याच वाट्यास येत असे. अनेक ठिकाणी आजही येते. सामग्री तीच, परंतु श्रमाची व्यवस्था निराळी. म्हणूनच सिमेंटची फरशी मिळाल्यावर एखाद्या गृहिणीस सुटल्यासारखे वाटत असेल, तर तो केवळ वस्तूंचा मोह म्हणता येणार नाही. इलिच यांच्या निकषावर तिचे हे समाधान कोठे बसवावयाचे, हे त्यांच्या भाषणावरून स्पष्ट होत नाही.

शहरी सदनिकेत हा प्रश्नच पुसला जातो. तेथे गिलावा कुशल कारागीर करून जातो आणि निगेचे काम मोलकरणीकडे सोपविले जाते. मालकाकडे उरतो तो केवळ मातीचा रंग. कुष्ठरोगाने ग्रस्त असलेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजींनी याच आश्रमात स्वतः केली. त्यांची कुटी बापू कुटीपासून फार दूर नाही. सदनिकेच्या नव्या आराखड्यात प्रकाशासाठी भिंत पाडली जाते, पुस्तकांसाठी कोनाडा काढला जातो. रुग्णाची खोली त्यात क्वचितच आढळते.